गोळी बंद, बाकी सगळं चालू

३ मार्च, सोमवार
आजपासून गोळी बंद. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, म्हणजे विचारण्यात अर्थच नव्हता.

झोप लागते, ग्राहकांशी हसून बोलतो. बऱ्या माणसाने डिप्रेशनची गोळी कशाला खायची? गेलं वर्षभर बायको माझ्यापायी दवाखान्याच्या बाकावर बसून बसून वाळली. रोज सकाळी ती गोळी माझ्या हातावर ठेवते, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. तिला यातून सोडवायचं. २८ ला लग्नाचा वाढदिवस. न खाल्लेल्या गोळ्यांची डबी तिच्या हातात ठेवायची आणि म्हणायचं, घे, तुझा नवरा परत.

पद्धत: गोळी मुठीत, पाणी घशात, मान मागे. मग गोळी चष्म्याच्या डबीत, वर काच पुसायचं फडकं. डबी दुकानातलीच, काळी. चष्म्याच्या दुकानात नोकरी करणाऱ्याच्या खिशात चष्म्याची डबी, कोणाच्या बापाला संशय येणार नाही.

५ मार्च
मजेत. लोक उगाच घाबरवतात.

७ मार्च, शुक्रवार
डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात झण्ण होतं. उघड्या वायरला बोट लागल्यासारखं. साडूला फोन केला. साडूला जगातलं सगळं कळतं. म्हणाला, मेंदू जागा होतोय, चांगलं लक्षण आहे, तो गोळीबिळी कधीच घेत नाही. त्याने एका चुंबकवाल्याचा नंबर दिला. बायकांना सांगायचं नाही हे ठरलं.

काचा बदलत ग्राहकाला "आधीचं बरं की आताचं?" विचारायचं हे माझं काम. आज दर काचेला झण्ण. एका बाईंनी उलट मलाच विचारलं, तुम्हाला बरं आहे ना? सौजन्य अजून शिल्लक आहे जगात.

१० मार्च
शर्टाच्या आत पोटाला चुंबकाचा पट्टा. याने रक्तातलं लोह एका दिशेला वळतं आणि विचार सरळ होतात, असं चुंबकवाला म्हणाला. पटलं.

११ मार्च
मालक दुपारभर फ्रेमचे स्क्रू शोधत होते. ट्रे भरलेला होता, गेले कुठे? मीही टेबलाखाली शिरून शोधले. घरी कोट काढताना सापडले. सगळे माझ्या पोटावर, शर्टाला चिकटून. सोबत मालकांचा लाडका स्क्रूड्रायव्हर. उद्या गुपचूप परत टाकायचे.
चुंबक अस्सल आहे हे तरी सिद्ध झालं.

१४ मार्च
एक आजोबा तक्त्याची शेवटची ओळ वाचायला धडपडत होते. चुकत होते, पुन्हा वाचत होते. त्यांची जिद्द बघून मला हुंदका आला. आवरेना. त्यांचा हात धरून रडलो. आजोबांनी बाहेर जाऊन मुलाला फोन लावला, की तपासणारे गृहस्थ रडतायत, ताबडतोब ये, जमीन तुझ्या नावावर करायची राहिली आहे.
आजोबांना साधा वाचायचा चष्मा लागलाय. मालक म्हणाले, दोन दिवस सुट्टी घे. नको म्हणालो. मन मोकळं होतंय ही गोळी सुटल्याची खूण आहे.

१६ मार्च, रविवार
साडूने सुचवलेली वाटीबाई. ती माणसाला झोपवून त्याच्या पोटावर, छातीवर काशाच्या वाट्या ठेवते आणि वाजवते. तिसऱ्या ठोक्याला मी तिच्या अंगावर खेकसलो. तिने ती प्रगती धरली. मीही.
घरी बायकोने कपात चमचा जरा जोरात फिरवला. तिच्याही अंगावर खेकसलो. तिने ताट झाकून ठेवलं आणि उपाशी झोपली.
ही प्रगती धरायची का, ते वाटीबाईला विचारलं पाहिजे. वाईट वाटलं मात्र. फार.

१८ मार्च
नवा उपाय, रंग. नारिंगी रंगाने मन प्रसन्न होतं. यासाठी पैसे कशाला घालवा? दुकानात नारिंगी काचा घासून स्वतःच चष्मा बनवला. जग खरोखर प्रसन्न दिसतं, फक्त जिना उतरताना पायरी सापडत नाही.
बायको म्हणाली, डोळे आलेत का? हो म्हणालो. तिने माझा टॉवेल वेगळा टांगला.

२० मार्च
वाटीबाईचा मेसेज बायकोने वाचला. "पुढच्या वेळी पोट रिकामं ठेवा, आणखी मोकळे व्हाल." बायकोने विचारलं, ही कोण? मी म्हणालो, २८ ला सगळं सांगतो. हे ऐकून तिला धीर यायला हवा होता. ती बहिणीला फोन लावायला आत गेली.
आठच दिवस राहिले. सगळं काबूत आहे. घाम, मळमळ आणि चक्कर सोडली तर.

२१ मार्च, शुक्रवार
सासूबाई नंबर काढायला आल्या. नारिंगी चष्मा घालून तपासलं. आधीचं बरं की आताचं? त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणाल ते, जावईबापू. एवढा आदर! पुन्हा भरून आलं. त्या भरात नंबर मीच ठरवला.

२४ मार्च
सासूबाईंचा चष्मा तयार. स्वतःच्या हाताने डबीत घालून दिला. मोठ्या माणसांचं काम दुसऱ्यावर सोडू नये.

२५ मार्च
आजची गोळी टाकायला डबी उघडली. रिकामी. कोरी करकरीत. टेबलावर सारख्या दिसणाऱ्या खूप डब्या असतात, पण मी गोंधळ घालणाऱ्यातला नव्हे.
साडूला विचारलं. म्हणाला, खूण आहे, आतून सुटलं की बाहेरचंही आपोआप सुटतं. मलाही तसंच वाटत होतं. वाढदिवसाला रिकामी डबीच द्यावी. अर्थ जास्त खोल.

२७ मार्च, गुरुवार
जेवताना सासूबाईंचा फोन. बायकोने स्पीकरवर टाकला. चष्मा छान आहे म्हणाल्या. फक्त लावला की जमीन वर येते आणि गरगरतं. पण जावईबापूंना त्याची कल्पना असणारच, म्हणून तर त्यांनी फडक्याखाली गरगरण्याच्या गोळ्या घालून दिल्या. एवढंच विचारायचं होतं. "जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?"

बायकोने त्यांना एकही घेऊ नको असं बजावलं, गोळीवर काय कोरलंय ते वाचायला लावलं. मग फोन ठेवला. माझ्याकडे बघत राहिली.

मी सगळं सांगितलं. चुंबक, वाटीबाई, २८ तारीख, नवरा परत. सांगताना मला ते जरा कमी शहाणपणाचं वाटायला लागलं. ती आधी हसली, कारण वाटीबाईचं वय सत्तर निघालं. मग रडायला लागली.

"मला बिनगोळीचा नवरा कधी हवा होता?" ती म्हणाली. "मला नवरा हवाय."

कोणत्याच थेरपीत हे शिकवलं नव्हतं.

२८ मार्च, शुक्रवार
लग्नाचा वाढदिवस दवाखान्यात, त्याच बाकावर. शेजारी फाइल मांडीवर घेऊन साडू. एका मित्राला सोडायला आलोय म्हणाला. तेवढ्यात नर्सने त्यालाच हाक मारली आणि विचारलं, नेहमीच्याच गोळ्या ना? तो चपलेकडे बघत आत गेला.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, गोळी सोडता येते, पण जिन्याने उतरायचं, गच्चीतून उडी मारायची नाही. आधी पुन्हा नीट सुरू, मग वेळ आली की त्यांना विचारून, थोडी थोडी कमी. वाट्या हौस म्हणून वाजवा, औषध म्हणून नको.

बाहेर आल्यावर बायकोने माझा नारिंगी चष्मा काढून पर्समध्ये टाकला आणि समोर उभी राहिली.

"आधीचं बरं की आताचं?"

ग्राहकांना मी रोज सांगतो, विचार करू नका, पहिलं येईल ते बोला. "आधीचं," म्हणालो. "गोळी होती तेव्हाचं." रस्त्यातच रडू आलं. तिने हात सोडला नाही.

सासूबाईंचा नंबर आता मालक काढणार आहेत.

घरी तिने गोळी हातावर ठेवली. घेतली. मूठ उघडून दाखवली. येताना तिने मला दुकानातून डोळे तपासायचा टॉर्च आणायला लावला होता, तो तोंडात मारून बघितलं.
जीभ वर कर म्हणाली. केली.