काळवनातला पळस

आर्वी,
८ डिसेंबर २०२५

प्रिय अंकुशदादा,

नमस्कार. पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे धड आहेत. थंडीनं आईचा गुडघा कुरकुरतो, तेवढंच. बाबा निवृत्त झाले तरी रोज सकाळी एसटी डेपोत चक्कर मारतात, आणि तिथल्या नव्या पोरांना गिअरबॉक्स धड उघडता येत नाही असं घरी येऊन सांगतात. मी अजून तासिका तत्त्वावरच अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते.

पंधरा दिवसांपासून तुझा फोन बंद आहे. त्याआधी आईला "काम आहे" एवढाच मेसेज आला होता, तो ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. म्हणून हे पत्र नागसेनदादाच्या हाती देते आहे. स्वतःच्या बहिणीच्या लग्नासाठी तो हिंगणघाटला आला आहे आणि बुधवारी पुण्याला परत निघतो. तुझ्याच कंपनीत, तुझ्याच खोलीत राहणारा माणूस, म्हणून काल वर्ध्याला जाऊन त्याला मुद्दाम भेटले. काय बोललो ते पुढे सांगते.

आधी तुमचा 'काळवन' गेम आला त्या दिवसाचं. तू विचारलंच नाहीस, म्हणून सांगते.

सहा वर्षं वाट बघितली रे आपण. पहिली झलक आली तेव्हा मी बारावीत होते आणि तू नुकताच पुण्याला लागला होतास. त्या एका मिनिटाच्या झलकीतलं धुकं मी किती वेळा बघितलं असेल! ७ नोव्हेंबरला मी रजा टाकली. आईनं सांबारवडी केली. बाबा चष्मा पुसून तुझ्या जुन्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले.

"ह्यातलं आपल्या अंकुशचं कोनतं वं?"

तलवारी आणि भांडीकुंडी माझ्याकडे आहेत, असं तू सांगितलं होतंस. म्हणून मी राजाचा शाप आणि राक्षस बाजूला ठेवून प्रत्येक झोपडीत शिरले. एका चुलीवरचा भाताचा गंज बघून आई म्हणाली, "गंज मस्त केला पोरानं. बुडाले काजळी पन लावली."

पहिला तासभर डोळे दिपले. तिसऱ्या दिवसापर्यंत मात्र काहीतरी टोचायला लागलं. काय टोचतंय ते कळेना, आणि न कळलेलं मला सोडवत नाही, हे तुला माहीत आहे. मी नुसती रानात भटकायला लागले. दगड उलटून बघावे म्हटलं, तर उलटेनात. मोह फुललेला, पण खाली एक फूल पडलेलं नाही. मुंगी नाही, लेंडी नाही. गावातला प्रत्येक माणूस तीच तीन वाक्यं बोलतो. आणि पळस तर सगळे एकच. डावीकडची फांदी मोडलेला तो एक पळस टेकडीपासून नदीपर्यंत शेकडो वेळा उभा. मला रागाच्या आधी नवल वाटलं. सहा वर्षं नेमकी कशात गेली? ज्यानं हे झाड केलं, तो थकला होता, की त्याचं मनच नव्हतं? नदीकाठी बसून मी हाच विचार करत राहिले, आणि गेमनं सोबतीला दिलेला पिंगळा पक्षी माझ्या खांद्यावरून तेच ते भविष्य सांगत राहिला.

मग गेम खेळणाऱ्यांच्या एका साइटवर 'तासिकाबाई' नावाच्या कोणीतरी मराठीत एक लेख लिहिला. "हे अरण्य मंगल कार्यालयातल्या प्लास्टिकच्या फुलांसारखं आहे, दुरून देखणं, जवळ गेलं की धूळ." तो लेख कोणी हिंदीत आणला, कोणी इंग्रजीत, आणि बघता बघता हजारो लोक तेच वाक्य बोलायला लागले.

तुझा फोन बंद व्हायच्या आधीच्या रविवारी तू फोन करून तेच वाक्य मला वाचून दाखवलंस. म्हणालास, "ते झाडं माह्या हातचे हायेत, अक्कू. करार होता, म्हून तुमाले सांगता नाई आलं." तुझा आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, "लोकाईचं काय मनावर घेतं तू!"

दादा, तासिकाबाई मी आहे.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं होतं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पिऊन आले. कारण एवढ्यावर थांबलं तर ते अर्धंच खरं होईल. झाडं तुझी आहेत हे मला फोनच्या आधी ठाऊक होतं. ती मोडकी फांदी मी ओळखली होती. आपल्या शेताच्या बांधावरचा, धुऱ्यावरचा पळस तो, ज्यावरून पडून तुझा हात मोडला होता. ओळखलं आणि तरी लिहिलं.

का लिहिलं? सहा वर्षांत तू दोनदा घरी आलास. मे महिन्यात बाबांचा निरोप समारंभ झाला, तेव्हा डेपोत पहिल्या रांगेत त्यांनी तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. कोणी बसायला आलं की म्हणायचे, "पोरगा येऊन राह्यला." ती रिकामीच राहिली. मला वाटायचं, जाऊ दे, तिकडे तो एक अख्खं अरण्य उभं करतोय. आणि त्या अरण्यात गेले तर तिथेही कोणी नाही. मला गेम फसल्याचं जेवढं वाईट वाटलं, त्याहून जास्त आपण फसलो असं वाटलं. तो राग मी झाडावर काढला. लिहिलेलं खोटं नव्हतं, पण हेतू स्वच्छ नव्हता.

नागसेनदादाला मी एकच विचारलं: पळस एकच का? त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "एकोनीस केलते त्यानं. एकाच्या खोडावर मुंग्याईची रांग, एकाखाली फुलाईचा सडा, एक अर्धा वाळलेला. साध्या कॉम्प्युटरवर गेम अडकून राह्यला म्हून वरून हुकूम आला, काढा. अठरा काढाले लावले. कोनता ठेवाचा, ते त्यालेच निवडाले लावलं."

आणि तू धुऱ्यावरचा ठेवलास.

मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. फांदीचंही. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग विचारलं, "तू लिवलं ते खोटं हाय का?"

"नाई."

"मंग पुसू नको. पन हे त्याच्या तोंडावर बोलाचं होतं वं. मीबी खुर्चीचं त्याच्या तोंडावर नाई बोललो. फोनवर हरखेपी म्हनलो, काई हरकत नाई, काई हरकत नाई." मग उठून त्यांनी माळ्यावरची बॅग काढली.

तर आम्ही दोघं शुक्रवारी वर्ध्याहून गाडीत बसतो आहोत. बाबांनी जन्मभर बसगाड्या दुरुस्त केल्या, पुणं अजून बघितलेलं नाही. मी माफी मागणार आहे, पण मला विचारायचंही खूप आहे. त्या अठरा झाडांच्या फाईली तुझ्याकडे आहेत का? मुंग्या खोडावर चढतात की उतरतात? फुलं गळायला लागली की किती दिवस गळतात? बाबांना वाळलेलं झाड बघायचं आहे. वाळलेलं का केलं असेल, असं त्यांनी दोनदा विचारलं.

शनिवारी सकाळी पोचू. दार तू उघड, नागसेनदादाला पाठवू नकोस. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, आम्ही बसून राहू.

तुझ्या रागाचीसुद्धा वाट बघणारी,
आकांक्षा