परत केलेले गाडगे

माय,

अकोटच्या आपल्या स्वयंपाकघरात चुलीच्या डाव्या बाजूला एक गाडगे असे. भाकरीचे पीठ परातीत घेण्यापूर्वी त्यातली एक मूठ तू त्या गाडग्यात टाकत असेस. मोहल्ल्यातल्या घराघरांत तीच रीत होती. शनिवारी ते पीठ एकत्र होई आणि ज्या घरची चूल त्या आठवड्यात अडली असेल तिथे तू ते नेत असेस. अशाच एका शनिवारी मी सोबत आहे. दार उघडताच तू म्हणतेस, "बाई, तुमचं गाडगं आमच्या घरी राहून गेलं होतं." परतताना मी विचारतो, "माय, गाडगं तं आपलं होतं. खोटं काहून बोलली वं?" "वकील झाला का खरं बोलजो," तू म्हणतेस. "आता मुकाट्यानं चाल."

मी वकील झालो. तू गेल्यावर मोहल्ल्याने तुझ्या नावे निधी उभारला, मॅट्रिकनंतर अमरावतीला शिकायला जाणाऱ्या मुलींसाठी. नियम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात एक कलम मी आग्रहाने घातले: तुझ्या स्मृतिदिनी साहाय्य घेणारीचे नाव आणि मागोमाग निधीचे पूर्ण नाव सभेत वाचले जावे आणि तिने ते साहाय्य तुझ्या तसबिरीसमोर स्वीकारावे. जिनिंगमध्ये तुझ्या शेजारी बसून कापूस निवडणारी मावशी तेव्हाच म्हणाली, "नाव काहून पुकारतं रे? तुह्या मायनं पुकारलं होतं काय कोनाचं?" मी उत्तर दिले की पैसा सर्वांचा आहे, म्हणून तो कोणाला जातो हे सर्वांना कळले पाहिजे, जे झाकले जाते त्यावर संशय येतो. युक्तिवादात खोट नव्हती. "तुह्याशी कोनाले जितता येते बापा!" म्हणून मावशी सुपारी कातरत बसली.

पहिल्याच वर्षी मी नाव वाचले. शेवटच्या रांगेतली मुलगी उभी राहिली. तिच्या मैत्रिणी वळून पाहू लागल्या. "मी नोहो ती," ती म्हणाली आणि मंडपाबाहेर गेली. कॉलेजात नाव घालायला दोन दिवस उरले होते.

सकाळी मावशीने निधीच्या नोटा फडक्यात बांधून गाडग्यात ठेवल्या, वर पीठ घातले आणि गाडगे माझ्या हातात दिले. "आता तूच बोल." मुलीच्या आईने दार उघडले. न्यायालयात मला शब्द कधी अडले नाहीत. त्या उंबऱ्याशी मी तुझेच उसने घेतले. "बाई... तुमचं गाडगं आमच्या घरी राहून गेलं होतं." तिने माझ्याकडे पाहिले, मग गाडग्याकडे. "हो ना भाऊ," ती म्हणाली. "म्या म्हटलंच, गेलं कुठं!" दुसऱ्या दिवशी मुलगी अमरावतीच्या एसटीत बसली.

ते कलम मीच रद्द केले, आणि विचारणाऱ्यांना त्याहीसाठी एक सुबक युक्तिवाद दिला. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून खरे लिहितो. हिशेब उघडा असावा याचा मला तेव्हा फारसा कळवळा नव्हता. जिथे तुला जन्मभर 'ए बाई' म्हणून हाक मारली गेली, त्या गावात तुझे पूर्ण नाव मला एकदा मोठ्याने वाचायचे होते. त्यासाठी आधी त्या मुलीचे वाचावे लागत होते.