आतली कडी, बाहेरचं कुलूप

सालेकसा, शुक्रवार संध्याकाळ

आजचं आजच लिहून ठेवते.

मागच्या उन्हाळ्यात वादळानं घराची टिनं उडवली, तेव्हापासून परसात जमिनीखाली खोली करायची म्हणून मीच मागे लागले होते. दादानं आणि मी मिळून खणली. वर लाकडं, त्यावर माती. वारा दार ओढून नेईल म्हणून आतून कडी मी स्वतः ठोकली.

आज दुपारी आभाळ काळंपिवळं झालं. मायला धरून धावत गेले, तर दाराला बाहेरून कुलूप! किल्ली दादाच्या खिशात, दादा बाजारात. आत त्याची वाळवलेल्या मोहफुलांची पोती. कोरडी जागा दिसली, भरून टाकली. मला सांगितलंही नाही. कुलूप तोडायला दगड उचलला, तर मायनं हात धरला. "तोडू नको वं, मोहं भिजून जाते ना."

मग त्याच दाराला टेकून बसलो. गोठ्याचं टिन डोक्यावरून गेलं, तशी मी मायवर आडवी पडले. कडी आतून, आणि आम्ही बाहेर.

वारा थांबल्यावर दादा आला. कुलूप उघडून आधी पोत्यात हात घातला. मी ओरडले, "काऊन रे दादा, माय मेली असती तं?"

"माणूस भिजला तं वाळते," म्हणे, "मोहं सडते."

त्याचा राग येतो, पण तो जाईल. टोचते ते वेगळंच. चिखलानं भरलेली माय कशीबशी उठली आणि तिनं त्याला विचारलं, "सुकं हाये ना, बाबू?"