मितूची जागा

३ नोव्हेंबर, सोमवार
कंपनी बसमध्ये लिहितेय. मोशी ते चाकण अर्ध्या तासाचा रस्ता. पाऊण तास झाला, अजून इंद्रायणीच्या पुलावरच. पुढे कंटेनर बंद पडलाय म्हणे. रोज काहीतरी आडवं असतंच.

सकाळपासून डोकं फिरलंय. संदीपची थर्ड शिफ्ट. आला आणि आडवा झाला. मितूची आंघोळ, डबा, पिशवी सगळं मीच. त्याच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी, माझ्या कंपनीला रविवारी. चार वर्षांत आम्ही एकत्र सुट्टी घेतली ती फक्त सणाला किंवा कोणी वारलं तर.

मितूचं नवीन खूळ. ताट दिलं की उचलते आणि गॅलरीत जाऊन बसते. सगळीकडे भात. दोनदा आत आणली, दोनदा परत गेली. "मितू जागा, मितू जागा." ओरडले. दोन वर्षांच्या पोरीवर. रडतरडत पाळणाघरात सोडली. काकूंनी दारातच उचलली, "आली गं माझी चिमणी!" आणि ही लगेच हसली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्याचाही राग आला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सं.ला सुट्टी. म्हटलं, आज पोरीला घरी ठेव. तर गाडीचं काम आहे, बँकेत जायचंय. मग दुपारी तरी लवकर आण. "नको, संध्याकाळी आणतो. जेवणाच्या वेळी गेलेलं काकूंना आवडत नाही." बाकी कशाची याला खबर नसते, हे बरं माहीत.

लॅबमध्ये माप चुकलं म्हणून पार्टचा एक अख्खा लॉट रिजेक्ट केला. साहेब म्हणे, "मॅडम, एवढ्या बारक्या फरकानं काय होतंय?" म्हटलं, मग ड्रॉइंग बदला. आजच्या दिवसात तेवढंच एक बरं झालं.

९ नोव्हेंबर, रविवार
पिंपळे गुरवला, आई-पप्पांकडे. मितू स्कूटीवर पुढे उभी. नाशिक फाट्याला पीएमटीच्या बसनं असा कट मारला की तोंडातून शिवी गेली. मितूनं ती घरी पोचेपर्यंत पाठ केली.

जेवायला बसलो तर ही ताट उचलून थेट दाराशी, चपलांजवळ. आई हसली. मीही हसले. पप्पा नाही हसले.
"लेकराला हे कोण शिकवलं?"
"कोणी नाही पप्पा. खूळ आहे."
"पाळणाघरात जेवायला कुठं बसवायलेत?"
"मला काय माहीत? मी त्या वेळी कंपनीत असते." तोडूनच बोलले. वाटलं, आता नोकरीवरून सुरू करतील.

पप्पा आपलं ताट घेऊन उठले आणि मितूशेजारी, चपलांजवळ जाऊन बसले. सत्तरीला आलेला माणूस, गुडघे वाकत नाहीत. भिंतीला धरून बसले आणि तिथंच जेवले. आई म्हणाली, "नातीचे लाड बघा!"

१२ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी तीन. घरी. मितू झोपलीय.

कंपनीत लाईट गेली, मेन पॅनेल उडालं, साडेअकराला सोडलं. म्हटलं, आज पोरीला जेवणाआधीच घेऊन येऊ. पाऊणला काकूंकडे. दार उघडंच.

हॉलमध्ये सतरंजीवर चार मुलं गोल करून. ओवी, शौर्य, ती दोघं जुळी. काकू मध्ये बसून एकेकाला घास देताहेत. मितू नाही.

मितू गॅलरीत. सरकतं काचेचं दार लावलेलं. वॉशिंग मशीनच्या बाजूला एक पोतं टाकलेलं, त्यावर ही. पुढ्यात ताट. शहाण्यासारखी एकटी जेवत होती. आत शौर्यनं काहीतरी केलं, सगळी हसली, तर काचेतून बघून तीही हसली.

"काकू, हिला बाहेर का?"
"अगं, तू? आत्ता? ... सांडते गं ती फार."
समोर शौर्यच्या मांडीवर अर्धी वाटी वरण सांडलेलं होतं.

ताट उचललं. खालून लाल नेलपॉलिशचा ठिपका. वाटीला पण, पेल्याला पण.
"ही खूण कसली?"
काकू उठल्या, पदराला हात पुसत. "आमच्या आत्याबाई हायेत ना घरात. जुन्या वळणाच्या. त्यांच्यामुळं करावं लागतं. मी काय मानत न्हाई बाई."

आणि मी म्हणाले, "बरं."

बरं! मितूला कडेवर घेतलं, पिशवी घेतली, "बरं" म्हणाले आणि जिना उतरले. खाली आल्यावर बोलायचं सगळं आठवलं. ते एक "बरं" अजून डोक्यातून जात नाहीये.

कधीपासून, ते आता कळतंय. आडनावावरून आमचं कळत नाही. घरात आल्यावर कळतं. सप्टेंबरात मितूच्या वाढदिवसाला काकूंना बोलावलं होतं. त्या दारात आल्या तेव्हा आमची बुद्धवंदना चालली होती. केक पुढे केला तर "उपास हाय." कसला उपास विचारलं नाही, कारण मला खरंच वाटला. त्याआधी त्यांनीच पाठवलेले फोटो आहेत मोबाइलमध्ये. ओवी आणि मितू एका ताटात. जुलै, ऑगस्ट. नंतर जेवतानाचा एकही फोटो नाही.

कंपनीत केसाएवढा फरक मला दिसतो. इथं दोन महिने.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
शनिवारपर्यंत रजा टाकली. काल सं.ची सेकंड आणि थर्ड, डबल ड्यूटी होती, बोलणं झालंच नव्हतं; आज सकाळी सांगितलं. तो बुटाची लेस सोडत होता. सोडतच राहिला.
"तुला माहीत होतं."
त्यानं दुसरा बूट पुढे ओढला.
"संदीप, तुला माहीत होतं."
"एकदा दुपारी आणायला गेलो होतो. दसऱ्याच्या आसपास. दिसलं."
"मग?"
"मग काय? वाटलं, सांडत असेल."
"खरं वाटलं?"
बूट बाजूला ठेवले. मग म्हणाला, "नाही. कळलं होतं. पण दुसरीकडे कुठं ठेवणार होतो? तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी काढली असतीस. तुझी नोकरी गेली असती. मीही शाळेत असाच बसलोय. मेलो नाही."

पेला फेकला. त्याच्यावर नाही, सिंकमध्ये. मितू दचकून रडली, त्यानं तिला उचललं, मी हिसकावून घेतली. ती त्याच्याकडे हात करून आणखी रडली. म्हणजे त्यातही मीच वाईट.

मेलो नाही म्हणे.

१६ नोव्हेंबर, रविवार
मितू उद्यापासून आईकडे. आईला बीपी, पण "आण गं" म्हणाली. पप्पांना सगळं सांगितलं. ते टीव्हीकडे बघत होते. आवाज बंद होता.
"मला त्याच दिवशी समजलं होतं."
म्हणजे यांनाही! भडकलेच. "पप्पा, सगळ्यांना कळतं, मला कोणी सांगत का नाही? माझी मुलगी आहे ती!"
"माय, मी परभणीहून इथं कंपनीत लागलो ते कशासाठी? तुम्हा लेकरांना असलं ताट बघायची वेळ येऊ नये म्हणून. त्या दिवशी ते बघून तुला काहीच समजलं नाही. मला वाईट वाटायच्या आधी थोडा आनंद झाला बघ. म्हटलं, हिला ओळखूच येईना."

राग तसाच राहिला, फक्त ठेवायला जागा उरली नाही. संडासात जाऊन रडले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
साडेपाचला उठवायची. झोपलेलीच असते. ओढणीनं पोटाशी बांधायची, वरून जाकीट. मोशी, भोसरी, नाशिक फाटा, पिंपळे गुरव. आईच्या हातात द्यायची, तशीच उलटी मोशीला, सव्वासातची बस पकडायला. संध्याकाळी पुन्हा तेच. घरी यायला साडेआठ. ओळखीतली दोन पाळणाघरं विचारून झाली. पहिलं दोन वर्षांचं मूल घेत नाही, दुसरं चारला बंद.

आज भोसरीला सिग्नलवर मागचा हॉर्न वाजवतच राहिला. खाली उतरले आणि त्याच्या काचेवर हात आपटला. "दिसत नाही का, पोर आहे!" तो घाबरला. पन्नाशीचा साधा माणूस. मलाच लाज वाटली.

बस चुकली. साहेब: "मॅडम, आठवड्यात दुसऱ्यांदा लेट. तिसऱ्यांदा मला लेटर द्यावं लागेल. माझ्याही हातात नाही."
कोणाच्याच हातात काही नसतं. काकूंच्या नाही, आत्याबाई आहेत. साहेबांच्या नाही, एचआर आहे. संदीपच्या नाही, परिस्थिती आहे.

आणि मितू रोज गाडी निघाली की एकच विचारते. "काकू कुये?"

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
भाजीला गेलो, मितू आणि मी. मेथी निवडत होते. बोट सुटलं कधी कळलं नाही. वळून बघते तर ही धावत सुटलेली आणि समोर काकू, पिशवी खाली टाकून हात पसरून बसलेल्या. भर रस्त्यात. मितू त्यांच्या गळ्यात. त्या तिचे मुके घेताहेत, डोळ्यांतून पाणी. नाटक नव्हतं. तेच सहन होत नाही.

"पोर वाळली की गं. जेवती का न्हाई?"
या वेळी "बरं" म्हणाले नाही.
"काकू, तिचे मुके घेताना तुम्हाला चालतं?"
"असं काय बोलतीस?"
"तोंडाचा मुका चालतो. तोंड लावलेला पेला चालत नाही. हे कसं, ते मला सांगा."
भाजीवाली मान खाली घालून मेथीच्या जुड्या लावत राहिली.
काकू हळू म्हणाल्या, "आमी तुझ्या पोरीला कधी उपाशी ठेवलं का? शेकली, माखली, आजारपणात रात दिस मांडीवर घेतली. ह्ये न्हाई दिसलं तुला? एवढं एकच दिसलं?"
"हो. एवढंच दिसलं."
मितूला ओढून काढावी लागली. हात सोडेना. घरापर्यंत मला मारत होती, छोट्या छोट्या मुठींनी. मारू दिलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
पाळणाघराच्या पालकांचा ग्रुप आहे. तिथं शौर्यच्या आईनं विचारलं, मितू का येत नाही, बरी आहे ना?
जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागे उभी राहून टाइप केलं. तीनदा खोडलं. मग पाठवलं.

"मितू बरी आहे. आम्ही बौद्ध आहोत हे काकूंना सप्टेंबरात कळलं. तेव्हापासून तिला गॅलरीत एकटीला बसवून, खूण केलेल्या ताटात जेवण दिलं जात होतं. तुमची मुलं आत बसलेली असायची. त्यांनी रोज पाहिलंय. त्यांना विचारा."

सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा दिसत होत्या. पाच वाजेपर्यंत कोणी काही नाही. मग शौर्यचे वडील: "हा ग्रुप मुलांसाठी आहे. कृपया इथे फक्त मुलांविषयी बोलावे." खाली तीन अंगठे.
मी लिहिलं, "मुलांविषयीच बोलतेय."

२३ नोव्हेंबर, रविवार
ओवीच्या आईचा फोन. हिंजवडीला असते ती, आयटीत. कॅब, ट्रॅफिक, तिचंही माझ्यासारखंच.
"ताई, मी ओवीला विचारलं. मितू कुठं जेवायची? तर म्हणाली, बाहेर. का गं? तर म्हणाली, ती घाण आहे ना."
साडेतीन वर्षांची ओवी. मितूला स्वतःची बाहुली देणारी.
"कोण म्हणालं असं, विचारलं. तर म्हणाली, कोणीच नाही."
रडायला लागली. "आता मी काय करू? उद्या ओवीला कुठं ठेवू?"
"ते मला विचारू नका." फोन ठेवला. कठोर बोलले का? असेन. तिला धीर देणंही आता माझंच काम?

सं. ऐकत होता. उठला, मितूला घेऊन खाली गेला. तासाभरानं आला आणि म्हणाला, "पुढच्या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट. सकाळी मी सोडतो पिंपळे गुरवला. तू थेट बस पकड." दहा दिवसांत मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. माफ केलेलं नाही. फक्त पाहिलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी पावणेसात. स्टॉपवर जायच्या आधी, उभ्यानंच लिहितेय.

काकूंची व्हॉइस नोट आलीय. दोन मिनिटांची. आधी भांडण. "माझी गावात अब्रू घालवलीस. तीस वर्सं इथं राहातो आमी, कुणी नाव ठेवलं न्हवतं." मग नाक ओढल्याचा आवाज. मग, "आत्याबाईंना म्या सांगितलं, आता माझ्या घरात माझं चालंल. पोरीला आण. सगळ्यांत बसवते. तू सोता येऊन बघ, कवाबी ये. घर सुनं झालंय गं."

अब्रूसाठी म्हणाल्या, की पोरीसाठी? की दोन्हीसाठी? आणि मी रोज जाऊन काय बघणार? ताट बघेन. ओवीच्या डोक्यात काय बसलंय ते कुठून बघणार?

पण मला बघून मितू रडते आणि काकूंचा आवाज ऐकून हसते, हेही खरंच आहे. आईचं बीपी काल वाढलेलं होतं, तेही. साहेबांचं लेटर टाइप होऊन पडलेलं असेल, तेही. या सगळ्या खऱ्या गोष्टी मलाच का उचलायच्या?

सं.नं विचारलं, "काय सांगायचं त्यांना?" म्हटलं, तू ठरव ना एकदा काहीतरी. तो म्हणाला, "मी एकदा ठरवलं होतं." बरोबर बोलला. त्याचाच राग आला.

मितू जागी झालीय, फोन ओढून घेतलाय. कुठं दाबायचं तिला कळतं. काकू पुन्हा पहिल्यापासून भांडताहेत आणि ही स्क्रीनला ओठ लावून बसलीय.
डिलीट करायला बोट नेलं होतं. केलं नाही. उत्तरही दिलेलं नाही.
सात वाजायला आले.