माळ्यावरची बॅग

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून लगेच फाड. वाचनालयाकडून बांधणीला पुस्तकं आलीत, त्यात एक कादंबरी आहे. बावीस वर्षं खळ लावतोय, पुस्तकं शिवतोय. कुठलं पान किती वेळा उघडलं ते मला दोऱ्यावरून कळतं. या कादंबरीचा दोरा एकाच जागी ढिला पडलाय. तिथे नायिका नवऱ्याला न सांगता बॅग भरून माळ्यावर ठेवते. खाली पेन्सिलीच्या रेघा. आणि मागच्या चिठ्ठीवर वर्षात तीनदा आमच्या हिच्याच कार्डाचा नंबर!

मनात पाल चुकचुकली. ही गिऱ्हाइकांना शिवलेले कपडे पोचवायला गेल्यावर माळ्यावर चढलो. बॅग आहे गं! आत दोन जोड कोरे कपडे. हिच्या अंगावर कधी पाहिले नाहीत. तुमचं दोघींचं गूळपीठ आहे, तूच खडा टाकून बघ. ही निघून गेली तर मी काय करू?

तुझा धाकटा

९ मार्च

चि. खळीबहाद्दरास,
अ. उ. आ.

नशीब, पत्र माझ्याच हाती पडलं. आधी हसले, मग रडू आवरेना. अरे शहाण्या, रेघा वाकड्या आहेत ना? तुझी बायको पट्टी लावल्याशिवाय रेघ मारते का कधी? आणि ते कपडे तिच्या पायात लोळतील, एवढंही दिसलं नाही?

ते माझे आहेत. कधी तशीच निघून आले तर असावेत म्हणून तिनेच शिवलेत. रेघाही माझ्याच, तुमच्याकडे आले की तिच्या कार्डावर तेच पुस्तक आणवते. ह्यांचा हात उठतो, आज सहा वर्षं. पुस्तकातल्या त्या बाईच्या जागी मीच आहे असं वाटायचं. दर वेळी वाटायचं, या खेपेला तरी ती निघेल. वहिनीला मीच शपथ घातली होती, तिच्यावर रागावू नकोस. उत्तर शेजारच्या बाईंच्या पत्त्यावर धाड, इथे पत्रं फोडली जातात.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हिची माफी मागितली. तिने आधी मला यथेच्छ झापलं, मग आम्ही दोघंही रडलो. मला वेळीच कळलं नाही, याची लाज वाटते.

काल पहिल्यांदाच बांधायचं पुस्तक वाचून काढलं. शेवटच्या पानावर ती बाई बॅग पुन्हा माळ्यावर ठेवते. मला नाही पटलं. तुझी बॅग मी खाली काढली आहे, कपडे तुझ्या खोलीतल्या कपाटात लावलेत. शनिवारी सकाळी आम्ही दोघं तुला न्यायला येतोय. हातात काही घेऊ नकोस, फक्त चपला घालून दारात उभी राहा.

लोभ पत्रातून पुष्कळ झाला, आता समोर बसून करू.

तुझा धाकटा