धरून ठेवणारी माती

१२ मे
गडब गावात पोचले. खोली स्वच्छ, टाकी भरलेली, खिडकीतून खाडीचा वारा. कृषी खात्यातून निवृत्त होऊन लोणची घालत बसायचं नव्हतं, म्हणून एका संस्थेचं हे माती सुधारायचं काम घेतलं. इथल्या नंदा म्हात्रेच्या शेतात एका कारखान्याचा शिसं असलेला गाळ शिरला, तेव्हापासून भात होत नाही. भाताच्या तुसाचा कोळसा मातीत मिसळायचा. तो विष धरून ठेवतो, पिकात जाऊ देत नाही. साधं काम आहे.

२४ मे
वाडीवरचा चंदर भट्टी लावतो. तूस रचायचं, वरून माती लिंपायची, धूर निवळला की पाणी मारायचं. कोळशाचं प्रमाण ठरलेलं आहे. पण यंदा लावणी झाली नाही तर दीर जमीन विकणार, असं नंदा म्हणाली. मी कोळसा दुप्पट टाकायला लावला.

१९ जून
शेतातून निथळणाऱ्या पाण्यात शिसं सापडलं नाही. नंदाने जिलबी वाटली. माती मात्र चिवट झाली आहे. चंदरची चप्पल रुतली ती निघालीच नाही. नंदा हसली, "बाई, ही माझ्या सासूवर गेली. हातात आलेलं सोडत नाय."

२ जुलै
नंदाची कोंबडी शेतात उभी आहे. रुतलेली नाही, पाय मोकळे. दाणे टाकले तरी येत नाही. पाऊस झोडपतोय, ती तशीच.
चंदरला म्हणे रोह्याला काम मिळालं. माझ्याकडे न बघता गेला.

४ जुलै
कोंबडी नाही. पिसंही नाहीत. नंदाला लावणी थांबवायला बजावलं. ऐकत नाही. रोपं उपटून ठेवली आहेत, आणि दीर बांधावर येऊन बघून गेला.

५ जुलै
नंदा सकाळी लावणीला शेतात उतरली. रोपं संपली, तरी तिथेच. पाय अडकलेत का, विचारलं.
"नाय बाई. बरं वाटतंय हितं."
तेव्हा घोट्यापर्यंत होती. आता गुडघे —
दीर माणसं आणायला धावलाय.

नंतर
दोर फेकला. धरत नाही. कमरेपर्यंत. मी उतरले. कोळसा मीच दुप्पट —
तिचा हात धरला. गार. सोडवता येत नाही.

दीर बांधावर आलाय. उतरू नको म्हणून ओरडायला हवं.

ओरडावंसं वाटत नाही. वही अजून कोरडी आहे. पाय मोकळे आहेत. बघितलं मी, मोकळेच. बरं वा—