देवाजीचा माईक

५ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. पंचरंग फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी होऊन मला वर्ष झालं. उद्या क्लब मोठा झाला की कोणी केला हे मलाच आठवायला हवं.

प्रेक्षक: ६२. पूर्वी पाचशे यायचे म्हणतात. तेव्हा मोजायची शास्त्रीय पद्धत नव्हती.

मैदानाच्या ट्रस्टचं पत्र आलं. १६ फेब्रुवारीच्या शेवटच्या मॅचला, बरोबर चार वाजता, त्यांचा माणूस डोकी मोजणार. दोनशे भरली तर मैदान आपलं, नाहीतर तिथे लग्नाचा लॉन. आमचे अध्यक्ष महादेवराव पत्र वाचून खुर्चीत बसूनच राहिले. मी म्हटलं, दोनशे काय, दोन हजार आणतो. मी स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला आहे. सर्टिफिकेट यायचं आहे.

७ जानेवारी
महादेवराव म्हणाले, "लोकं देवाजीसाठी येत होते गा."

देवाजी म्हणजे आमचा माईकवाला. धंद्याने टेलर. तीस वर्षं मॅचच्या आधी माईकवर बसायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव घ्यायचा. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं भोंग्यावर. नाव घेऊन थांबायचा, समोरचा "आलो" म्हणाला की पुढचं नाव. याला काय प्रोफेशनल म्हणायचं? सेक्रेटरी झाल्यावर मी पहिलं काम ते केलं. रीतसर चिठ्ठी देऊन माईक काढून घेतला. आता स्पीकरवर इंग्रजी गाणी असतात.

दिवाळीनंतर तो गेला. हार्ट. चिठ्ठीचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नाही, पण मला माहीत आहे.

१२ जानेवारी, रविवार
गेटवर सेल्फी पॉइंट लावला. प्रेक्षक: ४१. सेल्फी: १ (माझी).

देवाजीच्या पत्नी पार्वतीबाई आल्या होत्या. माईकच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसल्या. मॅच पाहिली नाही, टेबल पाहिलं. महिला प्रेक्षकांत शंभर टक्के वाढ.

चारला पाच कमी असताना गाणं संपलं आणि स्पीकर खरखरला. माईक बंद होता. साउंडवाला दुर्गेश म्हणाला, वायर लूज असन. नवी टाकायला सांगितली.

१९ जानेवारी, रविवार
आपले अर्धे लोक हुडकेश्वरला राहायला गेले, बाकीचे बुटीबोरीच्या कंपन्यांत लागले. म्हणून फ्री बस ठेवली. बसमधून एक गृहस्थ उतरले. त्यांना रेल्वे स्टेशनला जायचं होतं. प्रेक्षक: २३, ड्रायव्हर धरून.

नवी वायर. तरी चारला पाच कमी असताना खरखर. आणि त्यात कोणीतरी खाकरलं. देवाजी नाव घेण्याआधी असाच खाकरायचा. अर्थात खाकरणारी माणसं नागपुरात लाखो आहेत.

२४ जानेवारी
बायको काजल म्हणते, "चार वाजले का तुम्ही दचकता काहून?" मी दचकत नाही. मी वेळेचा पक्का आहे, एवढंच.

२ फेब्रुवारी, रविवार
लकी ड्रॉ. बक्षीस कुकर. प्रेक्षक: १९. कुकर समोरच्या टीमच्या मॅनेजरला लागला. गुडविल.

दुर्गेशकडे २०१९ च्या एका शनिवारच्या मॅचचं देवाजीचं रेकॉर्डिंग निघालं, पेन ड्राइव्हवर. लावू का म्हणाला. मी तत्त्वतः विरोधात आहे. पण कोर्सच्या चौथ्या धड्यात नॉस्टॅल्जिया मार्केटिंग आहे. आयडिया माझी, अशी नोंद करतो.

९ फेब्रुवारी, रविवार
साडेतीनला लावलं. आधी तो खाकरला. माझ्या हातातला चहा सांडला, कप गरम होता. मग: "या नानाजी, या. टोपी काहून काढली गा, ऊन लागते ना?" आणि रेकॉर्डिंग थांबलं. म्हणजे चालूच होतं, तो उत्तराची वाट पाहत होता.

नानाजी कोरोनात गेले. त्यांची मुलगी रोशनी उभी राहिली आणि भोंग्याकडे पाहून म्हणाली, "बाबा गेले, देवाजीमामा. मी आली." तेवढ्यात त्याने पुढचं नाव घेतलं, जणू ऐकलं. भर उन्हात अंगावर काटा आला. हवामानाचा फरक.

पावणेचारला लाईट गेली, पुढचं ऐकायचं राहिलं. प्रेक्षक: ८८. एकाने घरी फोन करून बायकोला बोलावलं. मार्केटिंग लागू पडतंय!

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी तोच आवाज ऑटोवर लावून आमच्या जरीपटका वस्तीभर फिरवला. साडेतीनला मोजले: ३४०. तीनशे चाळीस! ट्रस्टचा माणूस वही काढून बसला. महादेवरावांनी माझा हात धरला.

देवाजी एकेक नाव घेत होता, माणसं उभी राहून "आलो" म्हणत होती. मेलेल्यांसाठी त्यांची मुलं म्हणत होती. काही रडत होते.

चारला पाच कमी. तो खाकरला.

"प्रेमानंद आले का? हापिसातून सरळ आले, डबा हातातच आहे. काहून मागे उभे राहिले गा? समोर या. यायले जागा द्या."

२०१९ मध्ये मी इथे नवीन होतो. मला कोणी ओळखत नव्हतं. त्याने माझं नाव कुठून मिळवलं देव जाणे.

तीनशे चाळीस लोक माझ्याकडे वळले. तो वाट पाहत होता. एवढा वेळ त्याने कोणाचीच वाट पाहिली नव्हती.

मी पेन ड्राइव्ह उपटून खिशात टाकला. तांत्रिक बिघाड, असं जाहीर केलं. लोक थोडं थांबले, मग उठून निघाले. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

चार वाजताची मोजणी: ३७.

२३ फेब्रुवारी, रविवार
ट्रस्टने लॉनचा बोर्ड लावला.

सकाळी पार्वतीबाईंकडे पेन ड्राइव्ह द्यायला गेलो. म्हणाल्या, "राहू द्या तुमच्याचजवळ. मले बिना मशीनचं ऐकू येते." चहा दिला. म्हणाल्या, माईक गेल्यावरही दर मॅचला चार वाजायच्या आत तो अंगणात खुर्ची टाकून सगळ्यांची नावं घ्यायचा. अगदी गेला त्या आठवड्यापर्यंत. "तुमचं नाव तो शेवटी घे. अन् म्हणे, कामात असन पोरगा, येईनच तो."

दुपारी सेल्फी पॉइंट उचलायला मैदानावर गेलो. स्पीकर दुर्गेशने नेले. टेबल तेवढं राहिलं होतं. उगाच मागे उभा राहिलो. चार वाजले. खरखर नाही, काही नाही.

मग समोर जाऊन बसलो आणि "आलो" म्हटलं.

प्रेक्षक: १.